छातीत पेसमेकर, रोज स्टिरॉइड आणि मध्यरात्री अपेंडिक्स: अचानक ऑपरेशनची वेळ आली तर

अपेंडिक्सने डोकं वर काढलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि माझं पेसमेकरचं कार्ड ज्या पर्समध्ये होतं ती पर्स ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. नऊ वर्षं रोज जवळ बाळगलेलं कार्ड, नेमकं त्याच रात्री नाही. कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या कंपनीचा आहे, तर मी म्हटलं की नाव आठवत नाही पण घरी त्याचं जे मशीन आहे ना, ते पांढरं आहे. (पेसमेकरची माहिती घरून दवाखान्यात पाठवणारं ते मशीन.) खरंच असं म्हटलं मी. पोटात कळ येत असताना माणसाला स्वतःचा वाढदिवस आठवत नाही, मॉडेल नंबर काय आठवणार.

तर हे सगळं त्या रात्रीनंतर लिहितेय. ज्यांना एखादा जुना आजार आहे आणि शिवाय अंगात काहीतरी बसवलेलं आहे त्यांच्यासाठी. माझं कॉम्बिनेशन असं: कम्प्लीट हार्ट ब्लॉक (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विजेचा संदेश खालच्या कप्प्यांत पोचतच नाही) म्हणून पेसमेकर, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून आमवात, त्यासाठी रोज प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, साडेसात मिलिग्रॅम. तुमचं वेगळं असेल, तुमच्या डॉक्टरांचं ऐका, मी पेशंट आहे डॉक्टर नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी लागू आहे. अचानक ऑपरेशन असतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष जे बिघडलंय त्याच्यावर असतं आणि ते बरोबरच आहे, पण जे आधीपासून बिघडलेलं आणि कसंबसं नीट चाललेलं आहे त्याची आठवण तुम्हालाच करून द्यावी लागते. आणि ती त्या वेळी करून देता येत नाही, आधीच लिहून ठेवावी लागते.

म्हणून पहिलं काम, आज, काही दुखत नसताना: एक कागद. फाईल नाही, एकच कागद. जाड फाईल रात्री दोन वाजता कोणी वाचत नाही, माझी चार इंच जाड होती आणि ती कोणी उघडलीसुद्धा नाही.

कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, अंगात काय आहे ते. "हार्टचं मशीन" असं नाही. पेसमेकर आहे की आयसीडी, म्हणजे शॉक देणारं, की हृदयाच्या दोन्ही बाजूंना ठोके देणारं सीआरटी. हा फरक का महत्त्वाचा ते पुढे येतंच. मग कंपनी, मॉडेल, कधी बसवला, लीड, म्हणजे डबीपासून हृदयात जाणाऱ्या वायर, कधी बसवल्या (बॅटरी बदलली असेल तर डबी नवी आणि लीड जुन्या असं होतं, दोन्ही तारखा लिहा), कशासाठी बसवला, शेवटचं चेकिंग कधी झालं. साधारण नियम असा की ऑपरेशनच्या आधी पेसमेकर गेल्या बारा महिन्यांत आणि आयसीडी गेल्या सहा महिन्यांत तपासलेला असावा, सीआरटी असेल तर तीन ते सहा महिन्यांत. म्हणजे तुम्ही फॉलोअप टाळत असाल तर इमर्जन्सीत त्याचा भुर्दंड पडतो, कारण रात्री प्रोग्रॅमर, म्हणजे डिव्हाइस तपासायचं आणि त्याचं सेटिंग बदलायचं यंत्र, घेऊन येणारा माणूस मिळेलच असं नाही.

पुढच्या चेकिंगला गेलात की दोन प्रश्न मुद्दाम विचारून घ्या आणि उत्तरं कागदावर लिहा. एक, मी पेसमेकर-डिपेंडंट आहे का? म्हणजे मशीन थांबलं तर माझं स्वतःचं हृदय पुरेसं चालतं की नाही. दोन, माझ्या मशीनवर मॅग्नेट ठेवला तर काय होतं? दुसरा प्रश्न विचारला की टेक्निशियन जरा चमकून बघतो, बघू दे.

मग गोळ्या. नाव, डोस आणि कधी घेता. रक्त पातळ करणारं काही असेल तर ते लाल पेनने. आणि हे घरच्यांना पाठ करून ठेवा की हॉस्पिटलमध्ये "कुठली गोळी" इतकंच महत्त्वाचं असतं ते "शेवटची कधी घेतली". वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) बघून व्हिटॅमिन के देतात, पण त्याला उतारा पडायला काही तास लागतात, घाई असेल तर प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स देतात, ते मिनिटांत काम करतं. डाबिगाट्रानला स्वतःचा वेगळा उतारा आहे. क्लोपिडोग्रेलचा असर मात्र पाच ते सात दिवस राहतो, त्याला चटकन काढून टाकता येत नाही. यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण वेळ तुम्ही सांगितली तरच. आणि ज्यांना हृदयात मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम व्हॉल्व्ह आहे त्यांनी ते शब्द पहिल्या वाक्यात बोलायचे, कारण त्यांच्यात रक्त पातळ राहणं धोक्याचं आणि घट्ट होणं पण धोक्याचं.

शुगरवाल्यांसाठी दोन गोष्टी, बऱ्याच जणांना माहीत नसतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असल्या गोळ्या ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आधी तीन दिवस बंद करतात. इमर्जन्सीत ते शक्यच नसतं. त्यामुळे होतं काय की उपास, आजारपण आणि ही गोळी मिळून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो आणि त्यात साखर फार वाढलेली दिसतच नाही, मीटर बघून सगळे निवांत. म्हणून सांगायचं की मी ही गोळी घेते, कीटोन बघा. दुसरं, सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याची इंजेक्शनं पोट सावकाश रिकामं करतात, म्हणजे तुम्ही आठ तास काही खाल्लं नसलं तरी पोटात अन्न असू शकतं आणि भूल देताना ते उलटून फुप्फुसात जायची भीती. भूलतज्ज्ञाला हे आधी कळलं तर तो त्या हिशोबाने भूल देतो.

कागद झाला की त्याचा फोटो फोनमध्ये, आणि फोन लॉक असताना दिसते ती मेडिकल माहिती असते ना, तिथे तीन ओळी. आणि एक फोटो घरातल्या अशा माणसाला पाठवा जो रात्री फोन उचलतो. माझा नवरा उचलत नाही, त्याच्या कानाशी ढोल वाजवले तरी कूस बदलतो, म्हणून माझा कागद आता बहिणीकडे असतो.

आता प्रत्यक्ष ती रात्र.

दुखणं ओळखण्यातच आपल्यासारख्यांची पहिली गडबड होते. स्टिरॉइड घेणाऱ्यांना पोटात आत भडका उडालेला असला तरी कित्येकदा ताप नसतो, पोट कडक होत नाही, दुखणंसुद्धा बेताचं असतं, कारण सूज दाबणं हेच त्या गोळीचं काम आहे आणि ती ते इमानेइतबारे करत असते. टोसिलिझुमॅबसारखं आमवाताचं इंजेक्शन चालू असेल तर सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल येऊ शकते. मला ताप नव्हता. पहिल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवायची तयारी केली होती, मग मी म्हटलं की मी दहा वर्षं स्टिरॉइडवर आहे, तेव्हा त्यांनी थांबून परत पोट दाबलं आणि सीटी सांगितला. त्यांना दोष नाही देत मी, त्यांना जे दिसलं त्यावरून ते बरोबर होते, त्यांना दिसत नव्हतं ते मला माहीत होतं. तेव्हा वाक्य तयार ठेवा: "मी ही औषधं घेते, यांनी ताप आणि सूज झाकली जाते." सीटी पेसमेकरवाल्यांना चालतो. एमआरआयला मात्र थांबवून विचारायचं, आता एमआरआय चालणारे पेसमेकर आलेत पण डबी आणि लीड दोन्ही त्या जातीच्या असाव्या लागतात.

दुसरी गडबड उलटीची. रात्रभर उलट्या झाल्या म्हणजे सकाळची स्टिरॉइडची गोळी पोटात राहिलीच नाही. जे महिनाभराहून जास्त रोज पाच मिलिग्रॅम किंवा त्यावर प्रेडनिसोलोन घेतात त्यांच्या अॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेल्या असू शकतात, आणि ऑपरेशनसारखा ताण आला की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवूच शकत नाही, बीपी पडतं आणि सलाईन दिलं तरी वर येत नाही. यासाठी भुलीच्या सुरुवातीला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि मग पुढच्या चोवीस तासांत २०० असं सावकाश चालू ठेवतात. मी हे आकडे कागदावरच लिहून ठेवलेत. डॉक्टरला शिकवायला नाही. पण "रोज स्टिरॉइड घेते" म्हटलं की नुसतं मान डोलावून पुढे जातात, आकडा दिसला की हात थांबतो.

रोजच्या बाकी गोळ्यांचं सरसकट "काही तोंडाने घ्यायचं नाही" या एका वाक्यात विसर्जन होऊ देऊ नका. स्वतःहून काही गिळू नका, पण प्रत्येक गोळीबद्दल विचारा: हिचं काय? फिटच्या गोळ्या, पार्किन्सनची लेव्होडोपा, बीटा ब्लॉकर, या अचानक तुटल्या तर त्रास होतो, इंजेक्शनने किंवा नळीतून द्यायची सोय करतात. पार्किन्सनवाल्यांनी आणखी एक सांगायचं, उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड त्यांना नको. टाइप वन डायबेटिसवाल्यांचा पंप काढला तर इन्सुलिन दुसऱ्या वाटेने चालू झाल्याशिवाय सोडायचं नाही, खात नाही म्हणून इन्सुलिन नको हा हिशोब त्यांना लागू होत नाही.

आमवातवाल्यांनो, मान! हे मलाही भूलतज्ज्ञ बाईंनीच विचारलं आणि मी उडालेच. आमवातात मानेचे पहिले दोन मणके सैल झालेले असू शकतात, तुम्हाला काही जाणवत नसलं तरी. भुलीसाठी नळी घालताना मान मागे वाकवतात आणि तिथेच मज्जारज्जूला धोका. शिवाय जबडा पुरता उघडत नसेल तर नळी घालणं अवघड. तुमचा मानेचा एक्सरे कधी झाला असेल तर कागदावर लिहा. त्यांनी मला जागेपणीच मान किती हलते, तोंड किती उघडतं ते बघून घेतलं आणि कॅमेऱ्याची नळी मागवली. नुसतं पेसमेकर पेसमेकर करत बसले असते तर हे राहिलं असतं.

आणि आता पेसमेकर. इथे थोडं सविस्तर लिहिते कारण नेटवर याबद्दल फक्त "डॉक्टरांना कळवा" एवढंच असतं.

भीती असते ती कॉटरीची. सर्जन रक्त थांबवायला आणि कापायला विजेवर चालणारी पेन्सिल वापरतात ती. १९२६ मध्ये बॉस्टनला हार्वी कुशिंग यांनी बोवी नावाच्या माणसाचं मशीन ऑपरेशनमध्ये वापरलं, तेव्हापासून ही चालत आलीय. नेहमीच्या, म्हणजे मोनोपोलर कॉटरीत करंट टोकातून शिरतो आणि अंगातून प्रवास करत तुमच्या मांडीला किंवा पाठीला चिकटवलेल्या प्लेटमधून बाहेर पडतो. बायपोलरमध्ये तो चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो, अंगभर जात नाही. तर मोनोपोलरचा करंट छातीजवळून गेला की पेसमेकरला वाटतं हृदय स्वतःच ठोके देतंय, आणि तो गप्प बसतो. डिपेंडंट माणसाचं हृदय तेवढा वेळ थांबतं. आयसीडीचं उलटं, त्याला वाटतं हृदय वेडंवाकडं पळतंय आणि तो शॉक देतो, ऑपरेशन चालू असताना.

उपाय आहेत आणि ते साधे आहेत. जमेल तिथे बायपोलर. मोनोपोलरच लागली तर थोडी थोडी, सलग पाच सेकंदांच्या आत. प्लेट अशी लावायची की टोकापासून प्लेटपर्यंतच्या वाटेत पेसमेकर आणि लीड येणार नाहीत. ऑपरेशन बेंबीच्या खाली असेल तर धोका बराच कमी, प्लेट मांडीला लावली की सहसा प्रोग्रॅमिंग बदलावं लागत नाही. बेंबीच्या वर, म्हणजे पित्ताशय, जठर, छाती, खांदा, तिथे जास्त विचार करतात. माझं अपेंडिक्स म्हणून वाचले. प्लेट मात्र मी ओटीच्या टेबलावर झोपल्या झोपल्या विचारलीच, कुठे लावताय? नर्स म्हणाली, "ताई, मांडीलाच लावतोय, तुम्ही झोपा आता."

मॅग्नेटबद्दलचा गैरसमज इथे सगळ्यात घातक आहे. पेसमेकरवर मॅग्नेट ठेवला की तो बाहेरचं काही ऐकणं बंद करतो आणि ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो, कंपनीप्रमाणे साधारण मिनिटाला ८५ ते १००, बॅटरी संपत आली असेल तर त्याहून कमी. म्हणजे कॉटरी चालू असताना चांगलंच. पण आयसीडीवर मॅग्नेट ठेवला तर फक्त शॉक देणं थांबतं, पेसिंगमध्ये काही फरक पडत नाही! म्हणजे आयसीडीही आहे आणि माणूस डिपेंडंटही आहे, अशा वेळी मॅग्नेट ठेवून सगळे निश्चिंत झाले तर कॉटरीने पेसिंग थांबू शकतं. त्यांना प्रोग्रॅमरच लागतो. आणि काही मॉडेलमध्ये मॅग्नेटला मिळणारा प्रतिसाद सेटिंगमधून बंद केलेला असतो. म्हणूनच वरचे ते दोन प्रश्न.

कार्ड नसेल तर? माझ्यासारखं? छातीचा एक्सरे. डबीवर कंपनीची खूण असते ती एक्सरेत दिसते, आणि आयसीडीची लीड जाड कॉइलमुळे वेगळी ओळखू येते. माझी कंपनी अशीच सापडली, सकाळी सव्वातीनला, एक्सरे उलटा धरून. भूलतज्ज्ञ बाईंनी आणखी एक केलं ते मला फार आवडलं, मॉनिटरवरच्या ईसीजीवर न विसंबता बोटाच्या क्लिपची लाट बघत राहिल्या, कारण कॉटरी चालू झाली की ईसीजीवर नुसता कचरा दिसतो, खरा ठोका पडतोय की नाही ते बोटातल्या रक्ताच्या लाटेवरून कळतं.

लीड बसवून तीन महिने झाले नसतील तर तेही ओरडून सांगा, मानेतून मोठी सलाईनची लाईन घालताना नव्या लीड हलू शकतात.

बाकी इम्प्लांटवाल्यांचं थोडक्यात, कारण मला स्वतःचा अनुभव नाही, ओपीडीच्या रांगेत भेटलेल्यांकडून आणि नंतर डॉक्टरांना विचारून कळलेलं. मेंदूतलं पाणी पोटात सोडणारा शंट असेल आणि पोटात पू झाला असेल तर न्यूरोसर्जनला त्याच रात्री फोन गेला पाहिजे, नळीचं टोक त्या पुवातच असतं आणि इन्फेक्शन वर चढू शकतं. बॅक्लोफेनचा (आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) पंप बंद पडू द्यायचा नाही, औषध अचानक तुटलं तर प्रचंड ताप, अंग लाकडासारखं, जिवावर बेततं. मेंदूचा किंवा मणक्याचा स्टिम्युलेटर असेल तर रिमोट बरोबर न्या, बंद-चालू करायला लागतो. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर डोक्यामानेच्या भागात मोनोपोलर नको, आणि बाहेरचं मशीन काढल्यावर तुम्हाला ऐकू येणार नाही हे सगळ्यांना सांगून ठेवा, वही-पेन उशाशी, शुद्धीवर आल्यावर लगेच मशीन परत लावायला सांगा. कृत्रिम खुबा किंवा गुडघा असेल तर प्लेट त्या धातूवर नको आणि टेबलावर पाय वळवताना जरा जपून.

ऑपरेशन झालं. आता सगळे म्हणतात झालं सुटलो, पण डिव्हाइसवाल्यांचं एक काम उरतं. आयसीडीचा शॉक प्रोग्रॅमरने बंद केला असेल तर तो परत चालू केल्याशिवाय मॉनिटरवरून हलायचं नाही. वॉर्डात जाताना हा प्रश्न नातेवाइकाने विचारायचा, तुम्ही तेव्हा अर्धवट गुंगीत असता. नुसता मॅग्नेट ठेवला असेल तर काढला की मशीन आपोआप पूर्वीसारखं होतं. तरी कॉटरी बेंबीच्या वर वापरली, बाहेरून शॉक द्यावा लागला, मोठा रक्तस्राव झाला, असलं काही झालं असेल तर डिव्हाइस तपासल्याशिवाय घरी जाऊ नका. माझ्या बाबतीत तिसऱ्या दिवशी टेक्निशियन आला, दहा मिनिटं, सगळं ठीक.

पहिले काही दिवस रक्तातलं पोटॅशियम बघतायत ना ते विचारा, ते फार वाढलं तर पेसमेकरने ठोका देऊनही हृदय तो पकडत नाही. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर "अशक्तपणा असेल" म्हणून पडून राहू नका, ईसीजी काढायला सांगा.

स्टिरॉइडवाल्यांच्या जखमा सावकाश भरतात, टाके काढायची घाई करू नका आणि मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक (ही आमवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) परत कधी चालू करायचं ते सर्जन आणि आमवाताचे डॉक्टर या दोघांनी मिळून ठरवू दे. मला सर्जन म्हणाले चालू करा, आमवातवाले म्हणाले थांबा, मी दोघांचे नंबर एकमेकांना दिले आणि बाजूला झाले. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर पोटाची जखम बघतातच, तुम्ही आरशासमोर उभं राहून पेसमेकरची जागाही बघा. लाल, गरम, फुगलेली, कातडी ताणल्यासारखी वाटली तर अँटिबायोटिक कोणी लिहून द्यायच्या आधी पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन.

घरी आल्यावर त्या पांढऱ्या मशीनचा प्लग लावा, मी सहा दिवस विसरले होते. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो काढा. भूल कशी दिली, नळी घालायला त्रास झाला का, स्टिरॉइड किती दिलं, मॅग्नेट वापरला का, हे डिस्चार्जवर नसलं तर भूलतज्ज्ञांना विचारून त्यांच्याच हाताने दोन ओळी लिहून घ्या. मग नवा कागद करा, कोपऱ्यात तारीख टाका, बहिणीला नवा फोटो पाठवा आणि तिच्याकडून जुना डिलीट करून घ्या. जुना कागद फाडून टाका, घाईत नेमका तोच हाताला लागतो.